उत्तराच्या आधी

स्ट्रक्चरल मेकॅनिक्स शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकांना आम्ही घडवत असलेले ऑथरिंग टूल, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम लिहिण्याचे साधन, वापरून पाहायला दिले होते आणि मी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसले होते. अशा वेळी शेजारच्याने बोलायचे नसते, मदतही करायची नसते. वापरणाऱ्याचा हात कुठे अडतो तेवढे टिपायचे असते. त्यांना एका साध्या बीमवरचा (आधारांवर टेकलेल्या तुळईवरचा) प्रश्न लिहायचा होता. मजकूर त्यांनी भराभर टाइप केला. आकृतीपाशी आल्यावर त्यांनी आमचा चित्रफलक उघडला, एक रेघ ओढली, ती सरळ येईना म्हणून पुसली, बाण कुठे मिळतो ते शोधले, मिळालेला बाण फिरवून पाहिला, आणि मग काही न बोलता माउस बाजूला सारून पर्समधून पेन्सिल काढली. कागदावर आधी बीम आला. मग त्यांनी दोन्ही टोकांचे आधार काढले आणि लगेच खोडलेही, आणि त्यांच्या जागी बाण देताना स्वतःशीच पुटपुटल्या, "इथला आधार काढला, म्हणजे इथून वर ढकलणारं काहीतरी हवंच." मग भार आला, मग अंतरे, आणि शेवटी मोमेंट (बलाचा फिरवण्याचा परिणाम) कुठल्या बिंदूभोवती घ्यायचा ते दाखवणारा छोटासा वळसा. आकृती पुरी झाल्यावर त्यांनी फोनवर तिचा फोटो काढला, तो टूलमध्ये चढवला आणि समाधानाने म्हणाल्या, "झालं."

माझ्या वहीत मी लिहिले की चित्रफलक वापरायला अवघड आहे, बाण पटकन सापडत नाही आणि सापडला तरी फिरवता येत नाही. नोंद खरी होती, आणि पुढे तिच्याप्रमाणे सुधारणाही झाल्या. पण ती लिहीत असतानाच काहीतरी खुपत राहिले होते. आमचा चित्रफलक कितीही सुरळीत चालला असता, तरी त्यातून शेवटी बाहेर पडली असती ती पुरी झालेली एक आकृतीच. आधी आधार खोडायचा आणि मगच त्याच्या जागी बल दाखवायचे हा क्रम, तो पाळताना चाललेले पुटपुटणे, आणि "काहीतरी हवंच" या खात्रीमागचे कारण, यांतले काहीही फाइलमध्ये उतरले नसते. ज्या विद्यार्थ्याला फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तू आधारांपासून सोडवून तिच्यावरची सगळी बले दाखवणारी आकृती, काढता येत नाही, त्याला तयार डायग्राम दाखवून फारसे साधत नाही. तो मान डोलावतो, वहीत उतरवून घेतो, आणि पुढच्या उदाहरणात आधार तसाच ठेवून शेजारी बाणही काढतो. आधी काय सोडवून वेगळे करायचे आणि त्यानंतर काय मांडायचे, इथेच त्याचे घोडे अडलेले असते. फळ्यावर हा क्रम न सांगताही दिसतो, कारण खडूला सगळे एकदम काढता येत नाही. पडद्यावर मात्र सगळे एकदम येऊ शकते आणि म्हणून बहुधा ते एकदमच येते.

खडूच्या या मर्यादेची किंमत आमच्या आराखड्यात कुठेच धरलेली नव्हती.

अशा साधनांपैकी कुठलेही उघडले की समोर एक रिकामी उतरंड येते. ओपन एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर लेखनासाठी स्टुडिओ आहे; त्यात अभ्यासक्रम, त्याचे विभाग, विभागांचे उपविभाग, उपविभागांतली युनिट आणि युनिटमध्ये ठेवायचे घटक अशी रचना आहे. इतर ठिकाणी नावे बदलतात, घडण साधारण तीच राहते. ही रचना आशय साठवायला, शोधायला आणि विद्यार्थ्याने किती पूर्ण केले ते मोजायला फार सोयीची आहे. शिक्षक लिहायला बसतो तेव्हा मात्र त्याच्या डोक्यात उतरंड नसते, एखादे उदाहरण असते. मी ज्यांना ज्यांना लिहिताना पाहिले आहे, त्यांतले बहुतेक जण विद्यापीठाच्या अभ्यासपत्रिकेतली प्रकरणांची नावे त्या रिकाम्या चौकटींत झटपट भरून टाकतात, आणि मग पडद्याकडे पाहत बसतात. थोड्या वेळाने कुठेतरी मध्येच, चौथ्या-पाचव्या प्रकरणात, भिंतीला टेकवलेल्या आणि घसरू पाहणाऱ्या शिडीचे एक उदाहरण लिहिले जाते. ते लिहिताना लक्षात येते की आधी घर्षणकोन सांगायला हवा. घर्षणकोन सांगायचा तर घर्षणाची दिशा ठरवायची कशी, ते त्याच्याही आधी यायला हवे. अभ्यासक्रम असा उदाहरणापासून मागे आणि पुढे वाढत जातो. साधनाला ही वाढ ठाऊक नसते. एक घटक या प्रकरणातून त्या प्रकरणात हलवायला इतके क्लिक पडतात की शिक्षक सरळ वही उघडतात, सगळे तिथे जुळवतात आणि शेवटी पक्की प्रत टूलमध्ये चढवतात. लेखन वहीतच होऊन जाते आणि ऑथरिंग टूलकडे उरते ते टंकलेखन.

आणि उतरंडीच्या तळाशी जी बटणे असतात त्यांचे माझ्या मते सगळ्यात जास्त चालते. मजकूर, व्हिडिओ, बहुपर्यायी प्रश्न, संख्येत उत्तर. यांतले जे बटण पहिले, मोठे आणि सर्वांत कमी माहिती मागणारे असते, त्याच घाटाचा अभ्यासक्रम हळूहळू तयार होतो. कोणी तसे ठरवलेले नसते. रात्री उशिरा, दुसऱ्या दिवशीच्या तासाच्या आधी, थकलेला माणूस सगळ्यांत जवळच्या बटणावर बोट ठेवतो, इतकेच. म्हणून एखादी गोष्ट डीफॉल्ट ठरवताना मला अलीकडे थोडी धास्ती वाटते. बैठकीत दोन मिनिटांत संमत झालेली ती खूण पुढे कित्येक प्रकरणांची शिकवण्याची पद्धत होऊन बसते आणि तिच्यावर कुणाचीही सही नसते.

याउलट विषयातूनच उगवलेले साधन कसे असते, याचे एक उदाहरण २०१२ मध्ये पाहायला मिळाले होते. एमआयटीने त्या वर्षी सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स हा अभ्यासक्रम ऑनलाइन खुला केला. दीड लाखाहून अधिक लोकांनी त्यात नाव नोंदवले आणि सुमारे सात हजार जण तो उत्तीर्ण झाले. नोंदणी आणि उत्तीर्णांच्या आकड्यांवर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. मला भुरळ घातली ती वेगळ्याच गोष्टीने. विद्यार्थ्याला ब्राउझरमध्येच रोधक, धारित्र आणि स्रोत जोडून सर्किट उभे करता येत होते, ते चालवून पाहता येत होते, आणि काही प्रश्नांचे उत्तर म्हणजे ते सर्किटच असे. सर्किट शिकवणाऱ्यांनी ते साधन सर्किटसाठी घडवले होते. पुढे व्यासपीठ सगळ्या विषयांचे होते तेव्हा हिशेब बदलतो. इतिहासालाही चालेल, वैद्यकालाही चालेल, प्रोग्रामिंगलाही चालेल अशी सोय शोधता शोधता शेवटी सगळ्यांना समान असते तेवढेच हाती उरते, आणि समान असतात ते मजकूर, व्हिडिओ आणि चार पर्याय. "हे किती अभ्यासक्रमांना लागेल?" या प्रश्नापुढे मोहरचे वर्तुळ (पदार्थातले ताण मांडणारी आकृती) हातांनी काढू देणारा घटक दर वेळी हरतो. हरणे अन्यायाचे आहे असेही मला म्हणवत नाही, कारण असा प्रत्येक घटक पुढे वर्षानुवर्षे कोणालातरी सांभाळावा लागतो. पण मोहरचे वर्तुळ चार पर्यायांत कोंबलेले पाहिले की वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

जुन्या माणसांनी या बाबतीत आमच्यापेक्षा बारकाईने विचार केला होता की काय, असेही कधी कधी वाटते. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये प्लेटो ही संगणकावर शिकवणारी प्रणाली सुरू झाली, आणि १९६७ मध्ये पॉल टेन्झार यांनी तिच्यासाठी ट्यूटर नावाची भाषा घडवली. शिक्षकाला फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेशी झुंजावे न लागता धडा लिहिता यावा, हा तिचा उद्देश होता. त्या भाषेत बरोबर उत्तर सांगण्यासाठी जशी एक आज्ञा होती, तशीच अपेक्षित चुकीचे उत्तर सांगण्यासाठीही स्वतंत्र आज्ञा होती. पडद्यावरची आकृती कुठली असे विचारल्यावर कोणी "चौरस" असे उत्तर दिले, तर त्याला काय सांगायचे हे लेखक धडा लिहितानाच नोंदवून ठेवू शकत असे. चूक ही लेखनाची एक पूर्ण ओळ होती. नंतरच्या कित्येक साधनांत तिची रवानगी "अभिप्राय, ऐच्छिक" अशा एका मिटलेल्या कप्प्यात झाली आणि तो कप्पा उघडायला एक क्लिक जास्त लागतो. तो बहुधा रिकामाच सापडतो.

अभियांत्रिकीत या रिकामेपणाची किंमत किती पडते ते एकाच प्रश्नावरून दाखवता येईल. सहा मीटर लांबीचा बीम, दोन्ही टोकांना साधा आधार, डाव्या टोकापासून दोन मीटरवर १२ किलोन्यूटनचा भार. डाव्या आधाराची प्रतिक्रिया किती? उत्तर ८ किलोन्यूटन. आता चुकलेली उत्तरे पाहा. ज्याने ४ लिहिले, त्याने अंतर उलट्या टोकापासून मोजले किंवा दोन आधारांची अदलाबदल केली. ज्याने ६ लिहिले, त्याने मोमेंट घेतलाच नाही, भार निम्मा निम्मा वाटून टाकला. २४ लिहिणाऱ्याने भाराला अंतराने गुणले आणि तिथेच थांबला. त्याला मोमेंट काढता येतो, पण त्याचा तोल दुसऱ्या मोमेंटने साधायचा असतो हे अजून उमगलेले नाही. उणे ८ लिहिणाऱ्याने दिशा उलटी धरली आहे आणि तो जवळजवळ पोचला आहे. ८००० लिहिणारा तर बरोबरच आहे, फक्त न्यूटनमध्ये बोलतो आहे. अनुभवी शिक्षक वहीतला आकडा पाहून क्षणात हे ओळखतो, आणि पाच जणांना पाच वेगळी वाक्ये ऐकवतो. साधन या पाचही जणांना तीच एक लाल फुली दाखवते. ८००० वाल्यालासुद्धा.

ज्यांनी यावर मनापासून काम केले त्यांची साधने आहेत आणि ती चांगली आहेत. ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या स्टॅक या प्रश्नप्रणालीत विद्यार्थ्याचे उत्तर मॅक्सिमा या बैजिक गणित करणाऱ्या प्रणालीकडे जाते आणि लेखकाने आखलेल्या कसोट्यांच्या फांद्यांवरून खाली उतरते. उत्तर बरोबर आहे का; नसल्यास चिन्ह उलटे केल्यावर बरोबर येते का; तसेही नसल्यास हजाराने भागल्यावर येते का; आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी त्या विद्यार्थ्यासाठी वेगळे वाक्य असते. मी पहिल्यांदा अशी फांद्यांची रचना उघडून पाहिली तेव्हा एखाद्या मुरलेल्या शिक्षकाच्या डोक्यात डोकावल्यासारखे वाटले होते. ती लिहिणे मात्र कष्टाचे आहे. पायरीपायरीने सोबत करणाऱ्या शिकवणी-प्रणालींबाबत असा अंदाज नेहमी सांगितला जातो की विद्यार्थ्याच्या एका तासामागे तयारीचे २०० ते ३०० तास जातात. एका प्रश्नाच्या फांद्यांना एवढा वेळ लागत नाही हे खरे, पण दुसऱ्या दिवशीचा तास डोक्यावर असलेल्या शिक्षकाला अर्धा तासही पुष्कळ असतो. त्यामुळे कप्पा रिकामा राहण्याचा दोष मी शिक्षकांच्या माथी मारणार नाही. चुका त्यांना तोंडपाठ असतात. त्या आठवून, सुट्या करून, अटींच्या भाषेत मांडायला सांगितले की त्या सुचेनाशा होतात. तेच शिक्षक चहाच्या वेळी, कोणी न विचारता, "पोरं हमखास इथे चुकतात" असे म्हणून सलग चार चुका सांगतात.

संख्या बदलत्या ठेवण्याच्या सोयीबद्दलही माझ्या मनात दोन्ही बाजू आहेत. प्रत्येक विद्यार्थ्याला भार आणि अंतर वेगळे मिळाले म्हणजे उत्तरे उतरवून घेण्याचा मार्ग बंद होतो, हे तिचे आकर्षण आहे आणि ते रास्त आहे. पण वरच्याच बीमवर भाराचे अंतर यादृच्छिक ठेवले आणि ते कोणासाठी नेमके तीन मीटर आले, तर दोन्ही प्रतिक्रिया सहा-सहा होतात. भार डोळे मिटून निम्मा करणारा, टोके उलटी धरणारा आणि सगळे समजून सोडवणारा, तिघेही एकाच उत्तरावर येऊन उभे राहतात आणि तिघांनाही हिरवी खूण मिळते. अंतर २.९ मीटर आले तर खरे उत्तर ६.२ होते, टॉलरन्स (उत्तरातला चालणारा फरक) पाच टक्के ठेवला असेल तर ५.८९ पासून ६.५१ पर्यंतचे काहीही चालते, म्हणजे ६ लिहिणारा पुन्हा सुटतो. लेखकाला हे दिसत नाही, कारण प्रिव्ह्यूमध्ये त्याला एक-दोन नमुनेच दिसतात आणि ते ठीक असतात. मला वाटते, अभियांत्रिकीच्या ऑथरिंग टूलने करायचे खरे काम इथे आहे. लेखकाने बरोबर रीत सांगितली आणि दोन-तीन ठरावीक चुकीच्या रीती सांगितल्या, की साधनाने सगळ्या रीती सगळ्या संख्यांवर चालवून पाहाव्यात आणि सांगावे की अंतर या पट्ट्यात असेल तर तुमचा प्रश्न शिकलेल्याला न शिकलेल्यापासून वेगळे करू शकत नाही. यंत्राला हे काम कंटाळा न येता जमते आणि माणसाला ते कधीच जमणार नाही. तरीही रंग आणि फॉन्ट निवडण्याच्या सोयीची मागणी या मागणीच्या कितीतरी आधी येते.

दुसरी एक गोष्ट फळ्यावर न लिहिताही कळते आणि पडद्यावर लिहूनही हरवते. ती म्हणजे धरून चाललेले संकेत. बीम खाली वाकत असेल तर मोमेंट धन मानायचा की ऋण, ऊष्मागतिकीत प्रणालीने केलेले कार्य धन की प्रणालीवर केलेले, म्हणजेच पहिला नियम उष्णता वजा कार्य असा लिहायचा की उष्णता अधिक कार्य असा, गुरुत्वत्वरण ९.८१ धरायचे की सोयीसाठी १०. काल्पनिक एककासाठी गणितवाल्यांचा आय वापरायचा की विद्युतवाल्यांचा जे. वर्गात एकच शिक्षक असतो आणि आठवडाभरात मुलांना त्याचे संकेत अंगवळणी पडतात. ऑनलाइन अभ्यासक्रम चार जण मिळून लिहितात, त्यांतले दोघे वेगवेगळी पाठ्यपुस्तके वाचून मोठे झालेले असतात, आणि तिसऱ्या प्रकरणात धन असलेले कार्य पाचव्या प्रकरणात निमूटपणे ऋण होते. विद्यार्थी समजतो की आपणच चुकलो. प्रकरणाच्या माथ्यावर हे संकेत एकदाच जाहीर करावेत, खालच्या सगळ्या प्रश्नांनी ते आपोआप उचलावेत, आणि कोणी त्यांच्या विरुद्ध उत्तर भरले तर लेखकाला तिथल्या तिथे टोकावे, अशी एक साधी पट्टी आम्ही करून पाहिली. ती पहिल्यांदा वापरणाऱ्या दोन सहलेखकांत कार्याच्या चिन्हावरून जो वाद झाला तो मी आनंदाने ऐकत बसले, कारण एरवी तो वाद विद्यार्थ्याच्या डोक्यात, एकट्याने आणि दोन्ही बाजूंनी लढला गेला असता.

आता त्या फोटोकडे पुन्हा येते, कारण त्याने मला एका अनपेक्षित जागी नेऊन सोडले. जगभरच्या वेब-मानकांचे काम पाहणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ऑथरिंग टूलसाठी म्हणून वेगळी सुगम्यता-मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत. त्यांची दुसरी आवृत्ती २०१५ ची आहे. त्यांचे दोन भाग आहेत. साधन स्वतः अपंग लेखकालाही वापरता आले पाहिजे हा एक, आणि साधनाने लेखकाला सुगम्य आशय तयार करायला हात दिला पाहिजे हा दुसरा. या दुसऱ्या भागाला अनुसरून आम्ही चित्र चढवले की त्याचे शब्दांत वर्णन विचारतो, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ते ऐकता येईल. बहुतेक जण तिथे "आकृती १" असे लिहितात. त्या प्राध्यापिकांनीही "बीमचा डायग्राम" असे लिहिले होते. पण अंध विद्यार्थ्याला उपयोगी पडेल असे वर्णन करायला बसले तर काय लिहावे लागेल? डावा आधार काढून टाकला, त्याच्या जागी वर जाणारे बल आले, उजवीकडेही तसेच, मध्ये दोन मीटरवर खाली दाबणारा भार. म्हणजे नेमके तेच, जे त्या पेन्सिल चालवताना पुटपुटत होत्या. आकृतीचे शब्दांतले वर्णन आणि आकृती शिकवणे या इथे दोन गोष्टी उरत नाहीत. हे लक्षात आल्यावर आम्ही वर्णनाची ती चौकट आकृतीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी जोडली : रेघ ओढा, थांबा, आत्ता काय केले ते बोला किंवा लिहा, मग पुढची रेघ. बोललेलेही चालते, कारण हातात पेन्सिल असताना टाइप करणे कोणालाच जमत नाही. डोळस विद्यार्थ्याला आकृती टप्प्याटप्प्याने उलगडते, अंध विद्यार्थ्याला तीच टप्प्याटप्प्याने ऐकू येते. काही शिक्षकांना हे आवडले. काहींना स्वतःचा आवाज ऐकून संकोच वाटला आणि ते फोटोवर परतले. त्यांच्यासाठी फोटोवरच टप्प्यांच्या खुणा करण्याची सोय ठेवली आहे. ती ओबडधोबड आहे आणि मला फारशी आवडत नाही, पण वापर तिचाच जास्त होतो.

समीकरणांची कहाणी याच्याच शेजारची. गणितातली चिन्हे वेबवर नीट लिहिता यावीत म्हणून मॅथएमएलची शिफारस १९९८ मध्येच झाली होती, पण क्रोम ब्राउझरमध्ये ती कायमची दिसायला २०२३ उजाडावे लागले. मधल्या काळात समीकरणे धूसर चित्रे म्हणून चिकटवली गेली, मग मॅथजॅक्ससारख्या साधनांनी लेटेक या गणित टाइप करण्याच्या भाषेत लिहिलेले समीकरण पानावर सुबक उमटवायला सुरुवात केली आणि कित्येक शिक्षकांचा जीव भांड्यात पडला. अजूनही ज्यांना लेटेक येते आणि ज्यांना चिन्हांचा तक्ता उघडून एकेक चिन्ह टिपावे लागते, असे लेखकांचे दोन वर्ग आहेत, आणि दुसऱ्या वर्गाची प्रकरणे हटकून कमी समीकरणांची असतात.

या धंद्यात आणखी एक हुरहुर आहे, ती आयुष्याची. ऑथरवेअर हे १९८७ पासूनचे साधन, चिन्हे एका उभ्या रेषेवर ओवून त्यात अख्खे धडे रचता येत. २००७ मध्ये त्याचा विकास थांबला. वेबवर हालती चित्रे दाखवणाऱ्या फ्लॅश या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर त्यातला आशय चालवूनच देईना. गिअरचे दात एकमेकांत कसे गुंततात, पंपातून द्रव कसा चढतो, वाकणाऱ्या बीमच्या आत ताण कसा पसरतो, हे दाखवणारी हालती चित्रे अनेक शिक्षकांनी त्यात हौसेने केली होती. बीमच्या वाकण्याचा सिद्धांत अठराव्या शतकाच्या मध्यापासून टिकून आहे आणि तो शिकवणारी फाइल पंधरा वर्षेही टिकली नाही, याचे मला हसू येते आणि रागही येतो. म्हणून आशय साध्या, माणसाला वाचता येईल अशा मजकुराच्या फाइलींत साठवायचा, असा हट्ट मी दर बैठकीत धरते. ओपन एडएक्स अभ्यासक्रम बाहेर काढून देते तेव्हा तो अशाच मजकुराच्या फाइलींत मिळतो, आणि ती सोय मला त्यातल्या कुठल्याही देखण्या पडद्यापेक्षा मोलाची वाटते. टप्प्यांचे वर्णन, चुकांच्या फांद्या, संकेतांची पट्टी हे सगळे उद्या आमचे टूल बंद पडले तरी कोणालाही उघडून वाचता यायला हवे.

हल्ली प्रश्नांचा पहिला मसुदा यंत्राकडूनच मिळतो, त्यामुळे लेखकाचे काम लिहिण्याकडून तपासण्याकडे सरकले आहे. आमच्या साधनांचे पडदे मात्र अजून लिहिणाऱ्यासाठीच आखलेले आहेत. दहा प्रश्न समोर आले की माणूस पहिले तीन वाचतो आणि उरलेल्यांना मान्यता देतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तपासणाऱ्यासाठी पडदा कसा असावा, यावर वेगळे लिहावे लागेल.

चुकांचा कप्पा भरणे सक्तीचे करावे, अशी सूचना आमच्यात एकदा जोरात आली होती. मी विरोध केला, कारण सक्तीच्या चौकटीत "आकृती १" च उगवते. त्याऐवजी आम्ही तो कप्पा प्रश्न लिहिताना मागायचाच नाही असे ठरवले. पहिल्या तुकडीची उत्तरे आली की साधन सारखी चुकीची उत्तरे एकत्र करते आणि मोठे गठ्ठे लेखकासमोर ठेवते : इतक्यांनी हे लिहिले, यांनी काय केले असेल? आठवायला लागत नाही, ओळखावे लागते, आणि ओळखण्यात शिक्षक तरबेज असतात. ऊष्मागतिकीच्या एका प्राध्यापकांचा प्रश्न होता की बंद टाकीतल्या हवेचा दाब १०० किलोपास्कल आणि तापमान २७ अंश सेल्सिअस आहे. ते १२७ अंशांपर्यंत नेले तर दाब किती होईल? केल्विनमध्ये ३०० चे ४०० होतात, म्हणून उत्तर १३३.३. पहिला गठ्ठा ४७० चा होता आणि तो पाहून ते हसले. सेल्सिअसचेच गुणोत्तर घेतलेल्यांचा तो गठ्ठा त्यांच्या जुन्या ओळखीचा होता. दुसरा गठ्ठा १६७.१ चा. त्यावर ते बराच वेळ कागदावर आकडेमोड करत राहिले आणि मग एकदम म्हणाले, "अहो, ही मुलं चुकलेलीच नाहीत. यांनी १०० हा गेजवरचा दाब धरलाय." गेज दाखवतो तो वातावरणाच्या वरचा दाब, म्हणून वातावरणाचा १०१.३ मिळवून, ४/३ ने गुणून, पुन्हा १०१.३ वजा केले की १६७.१ येते. टाकीवर गेज असतो हे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते, बहुधा त्यांचेच हे उत्तर असावे.

आमच्या पडद्यावर "विद्यार्थ्याचे कुठे चुकले" याला जागा होती, "प्रश्नाचे कुठे चुकले" याला नव्हती. ती आता आहे. प्राध्यापकांनी प्रश्नात "निरपेक्ष" (म्हणजे वातावरणाचा दाब धरून) हा शब्द घातला आणि १६७.१ लाही पूर्ण गुण दिले, जुन्या उत्तरांनाही. त्यानंतर त्यांनी जे विचारले त्यात आम्ही सध्या अडकलो आहोत. पुढच्या वर्षी तो शब्द मुद्दाम काढून प्रश्न पुन्हा मोघम ठेवता येईल का, म्हणजे आकडेमोड सुरू करण्याआधी "कुठला दाब?" असे विद्यार्थी विचारतो की नाही ते पाहता येईल. विद्यार्थ्याने प्रश्नालाच उलटा प्रश्न करावा, अशी सोय आमच्याकडे नाही आणि माझ्या पाहण्यातल्या इतर साधनांतही नाही. आमच्यातल्या काहींचे म्हणणे असे की याला गुण कसे द्यायचे ते ठरत नाही तोवर हा घटक करू नये. मला वाटते आधी घटक करावा, आणि गुणांची चौकट काही काळ रिकामी ठेवावी.